हॅशटॅग लावले, तरी पोस्ट 'दिसून नाही राहिली': नागपूरच्या छोट्या दुकानदारांसाठी

सक्करदऱ्यात माझं फ्लेक्स आणि व्हिजिटिंग कार्ड छापायचं दुकान आहे. फ्लेक्स न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने एकदा सहज म्हटलं, "भाऊ, आमच्या इन्स्टाचं बी पाहून घ्या ना जरा," आणि मी हो म्हणालो. तिथून ही ब्याद मागे लागली. आता सात-आठ दुकानांची पानं मी सांभाळतो. मसाला, बुटीक, लांब पोळी, लाकडी नंदी, जे येईल ते. आणि दर पंधरवड्याला कुणा ना कुणाचा तोच फोन येतो: "भाऊ, हॅशटॅग टाकले, तरी पोस्ट दिसून नाही राहिली."

तक्रार एकच असली तरी दुखणी निराळी असतात. म्हणून मी फोनवर काही सांगत नाही. "दुकानात थांबा, येतो," म्हणतो आणि त्यांचाच फोन हातात घेतो.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याच्या दहा-बारा दिवस आधी महाल भागातल्या एका काकांकडे असाच गेलो होतो. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. काकांचा धंदा त्या बैलांचा. दुकानात पॉलिशचा वास, पायाखाली भुसा, आणि दीड-दोन फुटी नंदी ओळीने वाळत ठेवलेले. फोटो सुरेख काढला होता. खाली मजकूर बोलून टाइप केला होता, कारण बोटांना पॉलिश. तो असा होता:

#तान्हा पोळा #लाकडी नंदी #नागपूर-महाल #स्पेशल५०%सूट

मी काकांना म्हटलं, निळं काय काय झालंय ते वाचा. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला. "तान्हा... लाकडी... नागपूर... स्पेशल पन्नास." पोळा काळा, नंदी काळा, महाल काळा. मग #तान्हा वर बोट ठेवायला लावलं. झबली-टोपड्यातली बाळं निघाली. #लाकडी वर लाकडी घाण्याच्या तेलाच्या बाटल्या. काका म्हणाले, "म्हणजे माह्या बैल तेलाच्या दुकानात बांधून ठेवला का बे मी?"

अगदी तसंच झालं होतं.

आधी निळं तपासा

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच संपतात. टॅग जिथे तुटतो तिथपर्यंतच तो निळा होतो, पुढचं नुसतं अक्षर. मोकळी जागा आली की तुटला. जोडरेघ, टिंब, स्वल्पविराम, टक्क्याचं चिन्ह, रुपयाचं चिन्ह, तिरपी रेघ, यांवरही तुटतो. खालची रेघ मात्र चालते, म्हणून #तान्हा_पोळा हा अख्खा टॅग आहे. पण #तान्हापोळा आणि #तान्हा_पोळा हे दोन वेगळे टॅग आहेत, दोघांची पानं वेगळी. दोन्हींपैकी कुठे तुमच्यासारखा माल दिसतो ते शोधून पाहा आणि एकच धरा.

बोलून टाइप करणाऱ्यांचा टॅग हमखास तुटतो, कारण यंत्र दोन शब्दांत जागा सोडणारच. बोलून झालं की परत जाऊन ती जागा खोडायची, दुसरा उपाय नाही.

नागपुरातली खास चूक म्हणजे गाडीचा नंबर. आपल्याकडे पोरं अभिमानाने एमएच ३१ लावतात, पूर्व नागपूरवाले एमएच ४९. पण नंबरप्लेटच्या सवयीने मधे रेघ ओढली की टॅग नुसता #एमएच उरतो, म्हणजे अख्खा महाराष्ट्र. शिवाय मराठी कीबोर्डवर आकडा देवनागरी पडतो, इंग्रजीवर इंग्रजी, आणि फोनच्या लेखी हे दोन वेगळे आकडे. पिनकोडचंही पाहा. धरमपेठेतल्या एका बुटीकवाल्या ताईंना नुसता #४४००१० लावायचा होता. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, नुसत्या आकड्यांचा टॅग निळाच होत नाही. त्यामुळे आकड्यासोबत अक्षर हवंच, #धरमपेठ४४००१० असं. एक्सवर आणखी एक: # च्या आधी अक्षर चिकटलं असेल तरी टॅग होत नाही. "नंदी#महाल" लिहिलं तर तो टॅग नाही.

सारखा दिसणारा, पण दुसराच टॅग

हे दुखणं देवनागरीचं आहे, आणि इंग्रजी व्हिडिओ पाहून शिकलेल्यांना ते कुणी सांगत नाही.

नागपूर घ्या. मराठीत पू दीर्घ, हिंदीत पु ऱ्हस्व. आपल्या गावात अर्ध्या जणांच्या फोनमध्ये हिंदी कीबोर्ड असतो आणि तो आपणहून #नागपुर सुचवतो. शुद्धलेखनाचा वाद बाजूला ठेवा. टॅगच्या हिशेबाने ही दोन गावं आहेत. तुमचं गिऱ्हाईक हिंदीत शोधत असेल तर ऱ्हस्व पु लावा, मराठीत शोधत असेल तर दीर्घ. मी मसाल्यासाठी दोन्ही लावतो, बुटीकसाठी फक्त दीर्घ. रोमन लिपीत सावजी कुणी व्ही घालून लिहितो, कुणी ओ घालून. इतवारीतल्या एका मसालेवाल्याच्या पाकिटावर एक स्पेलिंग आहे आणि टॅगमध्ये दुसरं. पाकीट पाहून शोधणाऱ्याला ते दुकान सापडणार कसं?

त्याहून चमत्कारिक म्हणजे वऱ्हाडी. हा शब्द डोळ्याला एक दिसतो, पण टाइप तीन प्रकारे होतो. एकात खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. दिसायला दोन्हींत तोच अर्धचंद्रासारखा र. तिसऱ्यात रफार ह च्या डोक्यावर चढतो, तो निदान ओळखू तरी येतो. माझ्या लॅपटॉपवर एक पडतं, मसालेवाल्याच्या फोनवर दुसरं. #वऱ्हाडीठेचा आम्ही दोघंही लावत होतो आणि आतून तो शब्द निराळा होता. याचा शोध मला डोळ्यांनी लागला नाही, शब्द एकेक कळ दाबून खोडत गेलो तेव्हा लागला. त्याच्या फोनवरचा र एका दाबाने जात होता, माझा दोन दाबांनी.

यावर उपाय सोपा आहे. असा टॅग दर वेळी हाताने टाइप करू नका, आपल्याच आधीच्या चालत्या पोस्टमधून उचला. किंवा शोधपेटीत दोन-तीन अक्षरं टाकून ॲप जो पूर्ण शब्द सुचवतं तोच घ्या. ऱ्ह, ऱ्य आले की ही खबरदारी घ्याच.

निळं आहे, बरोबर आहे, तरी कुणी आलं नाही

आता माझी फजिती. सुरुवातीच्या काळात मी फोनच्या नोंदवहीत तीस टॅगांचा एक गठ्ठा करून ठेवला होता. इन्स्टाग्राम तेव्हा एका पोस्टला ३० पर्यंत टॅग घेत असे, आणि मला वाटायचं फुकट मिळतंय तर पूर्ण तीस घ्यावेत. लग्नसराईत एका मेकअपवालीसाठी केलेला गठ्ठा घाईत मसाल्याच्या पोस्टला चिकटवला. संध्याकाळी मसालेवाल्याचा फोन: "भाऊ, माह्या मसाल्याले नवरी काऊन लावली?" #नववधू, #ब्रायडललुक, #मेहंदी, सगळं सावजी मसाल्याच्या पाकिटाखाली. त्या दिवसापासून गठ्ठा बंद.

तसा तो आता चालणारही नाही. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२५ मध्ये पोस्ट आणि रीलसाठी पाचच टॅगांची मर्यादा आणली. त्याआधी वर्षभर, डिसेंबर २०२४ मध्ये, टॅग फॉलो करण्याची सोयही काढून टाकली. म्हणजे पूर्वी कुणी #नागपूर फॉलो केलेलं असे आणि तुमची पोस्ट आपोआप त्याच्यासमोर जाई, ते गेलं. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी कितीदा सांगून चुकले आहेत की टॅगने पोहोच फारशी वाढत नाही. तरी "व्हायरल हॅशटॅगची यादी" विकणारे फिरतातच. माझ्या ओळखीतल्या एका दुकानदाराने अशी यादी पैसे देऊन घेतली. निम्मे टॅग परदेशी गाण्यांचे निघाले.

मुळात टॅग हा भोंगा नाहीच. २३ ऑगस्ट २००७ रोजी क्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विचारलं होतं की एका विषयाचं बोलणं एकत्र बांधायला # वापरलं तर कसं. एकत्र बांधायला, म्हणजे कपाटातल्या डब्यावर चिठ्ठी लावावी तसं. डब्यावर चिठ्ठी लावल्याने शेजारीण धावत येत नाही. पण तिला हळद हवी असेल तेव्हा हात बरोबर डब्यावर जातो. फ्लेक्सच्या धंद्यात मी हेच रोज पाहतो. लोक दुकानाचं नाव हत्तीएवढं लिहायला सांगतात, फोटो चार टाकतात, आणि "चौकातून उजवीकडे" ही ओळ राहूनच जाते.

म्हणून पाच टॅगांत मी काय बसवतो ते सांगतो. एक किंवा दोन जागेचे, आणि त्यांतला एक तरी मोहल्ल्याचा: #नागपूर सोबत #महाल, किंवा #मनीषनगर, #गोकुळपेठ. दोन मालाचे, आणि माल जितका नेमका तितकं बरं. #संत्रा लावला तर तिथे काटोल-वरूडकडचे बागवाले आणि भाव सांगणारे असतात. बर्फी विकायची तर #संत्राबर्फी. पाचवा प्रसंगाचा किंवा गिऱ्हाइकाच्या गरजेचा, जसा #डोहाळजेवण, #तान्हापोळा. दुकानाच्या नावाचा टॅग नवीन दुकानाने लावू नये असं माझं मत आहे. ज्या नावाने अजून कुणी शोधतच नाही, त्यावर पाचातली एक जागा घालवायची कशाला? लोक फोटो टाकून तुमचं नाव लावायला लागले की मग लावा.

आणि टॅगपेक्षा वरचा मजकूर जास्त काम करतो, हे मानायला मला वेळ लागला. शोध घेताना इन्स्टाग्राम मजकुरातले शब्द, बायो, खात्याचं नाव, ठिकाण, हे सगळं पाहतं. टॅग आणि महत्त्वाचे शब्द मजकुरातच लिहा, खाली कमेंटमध्ये नको, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. खूप जण "स्वच्छ दिसावं" म्हणून टॅग पहिल्या कमेंटमध्ये टाकतात, तो सल्ला सोडून द्या. मजकुरात साधं वाक्य लिहा: "महालात, गांधीगेटजवळ, सागवानी लाकडाचे चाकाचे नंदी, एक फुटापासून." सागवानी नसेल तर लिहू नका, हे वेगळं सांगायला नको. पोस्ट टाकताना ठिकाण जोडा. खात्याच्या नावाच्या जागी नुसतं "श्री गणेश" न ठेवता "श्री गणेश लाकडी नंदी महाल" असं ठेवा, पण विचार करून, कारण ते नाव चौदा दिवसांत दोनदाच बदलता येतं.

लोक आले, पण भलतेच

मनीषनगरातल्या एक वहिनी उलट्या मडक्यावर लांब पोळी करतात. हातावर कणीक खेळवत, कोपरापर्यंत लांबवत मडक्यावर टाकतात, पाहत राहावं असं काम आहे. त्यांची रील चांगली चालली, पण मेसेज कुठले? पुणे, ठाणे, एक तर दुबईचा. "डिलिव्हरी आहे का?" लांब पोळी कुरिअरने जाते का हो? दिवसभर नाही-नाही लिहून त्या वैतागल्या. टॅग पाहिले तर #महाराष्ट्रीयनजेवण, #पोळी, #फूडी. गाव कुठेच नाही, ना टॅगमध्ये, ना मजकुरात.

अशा वेळी इनसाइट्स, म्हणजे ॲपमधली तुमच्या खात्याची आकडेवारी, उघडा. पाहणाऱ्यांत फॉलोअर किती आणि बाहेरचे किती ते तिथे दिसतं, आणि खात्याच्या आकडेवारीत वरची शहरं दिसतात. नागपूर पहिल्या क्रमांकावर नसेल तर रील कितीही चालली तरी गल्ल्याला उपयोग नाही. वहिनींच्या मजकुराची पहिली ओळच बदलली: "फक्त नागपुरात, आदल्या दिवशी सांगा." मेसेज कमी झाले, ऑर्डरी वाढल्या. किती वाढल्या ते मला त्या सांगत नाहीत, पण आता माझ्या घरी पोळ्या येतात.

खात्याचंच काही बिघडलं असेल तर

हे झटपट. वैयक्तिक खातं प्रायव्हेट असेल तर टॅगच्या पानावर पोस्ट दिसणारच नाही. व्यवसायाचं खातं करून घ्या, ते प्रायव्हेट होतच नाही. फेसबुकवर पोस्टचे प्रेक्षक "फ्रेंड्स" ठेवले असतील तर टॅग लावूनही ती मित्रांनाच दिसणार. इन्स्टाग्राम खात्याच्या सेटिंग्जमध्ये अकाउंट स्टेटस नावाची जागा आहे. तुमची एखादी पोस्ट काढली असेल किंवा नवीन लोकांना सुचवली जात नसेल तर तिथे कळतं. काही टॅगांची पानं नियमभंगामुळे झाकलेली असतात, लावण्याआधी टॅग उघडून पाहिला की समजतं. यूट्यूबवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा: एका व्हिडिओला ६० पेक्षा जास्त टॅग झाले की यूट्यूब सगळेच सोडून देतं, जास्तीचे नव्हे, सगळे.

सणाच्या दिवशीचा टॅग

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते. त्या दिवशी #मारबत वर अख्खं नागपूर व्हिडिओ टाकतं. बडगे (मारबतीसोबतचे पुतळे), ढोल, "घेऊन जा गे मारबत" चा गजर. आमच्या काकांना वाटलं, एवढी गर्दी आहे तर आपला नंदीही तिथेच उभा करावा. मी नको म्हटलं. त्या पानावरचा माणूस मिरवणूक पाहायला आलेला असतो, बैल घ्यायला नाही. आणि मारबतीच्या दिवशी बैल कोण घेतं? बापलोक आठवडाभर आधी पोराला घेऊन येतात, उशीर झालेले फार तर पोळ्याच्या संध्याकाळी. म्हणून सणाचा टॅग सणाच्या आधी लावायचा, लोक शोधत असतात तेव्हा. मिरवणुकीच्या दिवशी काकांनी आपल्या नातवाचा नंदीसोबतचा फोटो टाकला, एकही टॅग न लावता. तो त्यांच्या सगळ्या पोस्टांत जास्त पाहिला गेला, ही गोष्ट मी इथे नाइलाजाने कबूल करतो.

सुधारलं की नाही, कसं कळणार

स्वतःच्या फोनवर शोधून "मी पहिला दिसतो" म्हणून खूश होऊ नका. ॲप प्रत्येकाला त्याच्या आवडीचं दाखवतं, आणि तुम्हाला सर्वांत जास्त आवड तुमच्याच दुकानाची. तुम्हाला फॉलो न करणाऱ्या कुणाचा तरी फोन घ्या. मी समोरच्या चहावाल्याचा घेतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टॅग, मजकूर, फोटोची तऱ्हा आणि वेळ हे चारही एकदम बदललं तर फरक कशाने पडला ते कळायचं नाही. दोन आठवडे टॅग बदलून पाहा, मग मजकूर. माझ्या सगळ्या दुकानांना मी पावतीपुस्तकात एक जास्तीचा रकाना छापून दिला आहे, "कुठून कळलं". गिऱ्हाइकाला विचारून "इन्स्टा", "पाटी पाहून", "मामीने सांगितलं", जे असेल ते लिहायचं. धरमपेठेच्या ताई तो इमानाने भरतात. मसालेवाला सगळीकडे "जुना गिऱ्हाईक" लिहितो.

काकांच्या बोटांना यंदाही पॉलिश असणार, म्हणून त्यांच्या फोनच्या कीबोर्डमध्ये वैयक्तिक शब्दकोशात जागेचे दोन टॅग शॉर्टकटला जोडून दिले. "मह" टाइप केलं की #नागपूर #महाल आपसूक सुचतं. बाकीचे तीन मात्र दर वेळी स्वतः टाकायचे, नाहीतर पुन्हा गठ्ठा सुरू व्हायचा. परवा सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच त्यांचा फोन.

"भाऊ, पाचच घेऊन राहिला. माह्ये सहा झाले. कोणता काढू?"

"वाचा बरं."

"नागपूर, महाल, लाकडीनंदी, तान्हापोळा, चाकाचाबैल, लव्ह."

"लव्ह कुणी सांगितला?"

"नातवानं."

लव्ह काढला.